जरा रेस देत राहा

गाडीच्या डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला की लोकांचा पहिला राग दिव्यावर निघतो. दिवा खराब असेल, वायर हलली असेल, सेन्सर गेला असेल. इंजिनालाच काही झालं असेल, हे कुणाच्या मनातही येत नाही. एक महाभाग तर दिव्यावर चिकटपट्टी लावून माझ्याकडे आला होता आणि मलाच विचारत होता, गाडीतून टकटक कसली येते म्हणून. अशा माणसांपुढे माझं डोकं फिरतं, आणि ते फिरतं हे सगळ्या गिऱ्हाइकांना माहीत आहे. म्हणून त्यांच्याशी बोलायला दादा असतो.

गॅरेज आम्हा दोघा भावांचं. मी गाडीच्या पोटात शिरतो, दादा गिऱ्हाइकाच्या. त्याची जीभ गोड आणि शर्ट कायम पांढरा. जुन्या गाड्या घ्यायच्या, ठाकठीक करायच्या आणि विकायच्या, हा त्याचा जोडधंदा. त्या ठाकठीक करण्यात मी असतो. निदान मला तसं वाटत होतं.

त्या दिवशी सकाळी आमची भाची गाडी घेऊन आली. ही ताईची मुलगी. ताई गेली त्याला बरीच वर्षं झाली, आता तिला आजोळ म्हणून आम्ही दोघं मामाच. पोर नर्स आहे. घरोघरी जाऊन आजारी माणसांच्या जखमा बांधते, इंजेक्शनं देते, बाळंतिणींना बघते. धरणापलीकडच्या वस्त्यांपर्यंत जावं लागतं, म्हणून तिनं गाडी घ्यायची ठरवली आणि अर्थातच ती मोठ्या मामाकडून घेतली. मी तेव्हा आठवडाभर सासुरवाडीला होतो. परत आलो तेव्हा गाडी तिच्या दारात लागलेलीही होती.

"मामा, सिग्नलला थांबले की लाल दिवा फडफडतो," ती म्हणाली. "इंजिन गरम झाल्यावरच. सकाळी नाही करत."

"कधीपासून?"

"घेतली तेव्हापासूनच थोडा थोडा. मोठ्या मामांना सांगितलं होतं. त्यांनी सेन्सर बदलला, आणि म्हणाले, थांबलीस की जरा रेस देत राहा, म्हणजे दिवा विझतो."

मी हातातला पाना खाली ठेवला. "आणि तू रेस देत राहिलीस?"

"मामाच म्हणाले ना."

रेस दिली की ऑइलचा पंप जोरात फिरतो, प्रेशर थोडं चढतं आणि दिवा विझतो, हे खरं. पण हे गिऱ्हाइकाला सांगणं म्हणजे ताप आलेल्या माणसाला थर्मामीटर झटकत राहा म्हणून सांगणं. नर्सला हे कळायला हवं होतं, असं मी तिला म्हणणार होतो. पण दादा कुठल्याशा गिऱ्हाइकाकडे गेला होता, तो आल्यावर त्याच्याशीच बोलू असं ठरवलं.

ऑइलची पट्टी काढून बघितली. ऑइल पुरेसं होतं आणि रंगानं अगदी नवं. फक्त पट्टीवरून ते ओघळायलाच तयार नव्हतं. मी दोन बोटांत धरलं तर चिकटून तार आली. या इंजिनात असलं जाड ऑइल कुणी घालत नाही. घालतात ते एकाच कारणासाठी: आतल्या फटी रुंद झाल्या असतील तर जाड ऑइल त्यातून सावकाश गळतं आणि प्रेशर बरं दिसतं. ओठांना रंग लावून म्हातारी तरुण मुलगी म्हणून खपवायचा प्रकार. तोंडात कडवट चव आली, पण अजून मी मनाला समजावत होतो. गाडी विकत घेतली तेव्हाच कुणी तसं भरून दिलं असेल, दादाच्या लक्षात आलं नसेल.

सेन्सर काढला आणि त्या भोकात आमचं प्रेशर गेज लावलं. सेन्सर खोटं बोलू शकतो, गेजचा काटा बोलत नाही. इंजिन निवू दिलं आणि मग सुरू केलं, काटा छान वर गेला. भाची खूश झाली. मी म्हटलं, थांब. इंजिन तसंच चालू ठेवलं. इंजिन तापून पंख्याचा आवाज यायला लागला तसा काटा उतरत गेला. उतरत उतरत तळाशी जाऊन थरथरत बसला. रेस दिली की कसाबसा अर्ध्यावर, सोडली की पुन्हा तळाला. आणि त्याच्याबरोबर आता खालून एक बोथट ठोका ऐकू यायला लागला, कुणी दार उघडत नाही म्हणून मुठीनं वाजवत राहावं तसा. मी इंजिन बंद केलं.

"दुपारी मला धरणापलीकडे जायचंय," भाची म्हणाली. "एक आजी आहेत, पायाची जखम चिघळलीय. आज ड्रेसिंग चुकवून चालणार नाही. होईल ना तोवर?"

 धरणावरचा रस्ता मला माहीत आहे. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला दरी आणि मध्ये उतार. अशा ठिकाणी इंजिन जाम झालं की स्टिअरिंग दगड होतं, ब्रेक दगड होतो, आणि गाडी आपल्या मर्जीनं जाते. हे तिला सांगून घाबरवायचं की न सांगता पाठवायचं, असा प्रश्नच नव्हता. ही गाडी आज दारातून बाहेर जाणार नव्हती.

गाडी जॅकवर चढवली, चाकांच्या फळीवर झोपून खाली शिरलो आणि तळाचं ऑइलपात्र सोडलं. माझी सगळी हयात ग्रीसमध्ये गेली, घाणीची मला किळस नाही. पण तळाशी जे साठलं होतं ते बघून माझं नाक आपोआप मुरडलं. मोरीच्या जाळीवरचा बुळबुळीत गाळ असतो ना, तसला काळा थर, आणि वर नवं सोनेरी ऑइल. म्हणजे कुणी साफ करायचेही कष्ट घेतले नव्हते. जुन्या घाणीवर नवं ओतून झाकण लावलं होतं. पंप ज्या जाळीतून ऑइल ओढतो ती जाळी निम्मी बुजलेली. मी गाळात बोट फिरवलं तर उजेडात तांबूस चमचम दिसली. धातू. बेअरिंग झिजून त्याचा कीस खाली पडत होता.

आणखी एक गोष्ट दिसली. ऑइलपात्राच्या कडेनं गळती थांबवायची निळी पेस्ट भरलेली होती, ताजी, बोटभर जाड, आतल्या बाजूला लोंबणारी. दात घासायला बसल्यासारखी पेस्ट पिळतो तो आमच्या घरात एकच माणूस आहे. वडील असताना याच पेस्टवरून त्यानं किती बोलणी खाल्ली होती. तरीही मी मनात म्हटलं, गळत असेल म्हणून उघडलं असेल, घाईत लावलं असेल. सख्खा भाऊ म्हटल्यावर माणूस किती सबबी स्वतःच शोधून देतो, याचं मला त्या दिवशी आश्चर्य वाटलं.

मग बेअरिंग आवळून धरणारी लोखंडी टोपी सोडली. बेअरिंग म्हणजे दोन अर्ध्या वाट्या, त्यांच्यात इंजिनाचा मुख्य दांडा फिरतो आणि मध्ये ऑइलचा पातळ पापुद्रा असतो. खालची वाटी टोपीतून उचलली आणि तिच्या पाठीमागून एक पत्र्याची पट्टी सुटून माझ्या छातीवर पडली.

ही लबाडी मी ऐकून होतो. वाटी झिजून सैल झाली की तिच्या मागे पत्रा सारायचा. वाटी वर उचलली जाते, फट कमी होते, ठोका थांबतो, प्रेशर येतं. गाडी विकून होईपर्यंत सगळं झकास. मग पत्रा दबतो, सरकतो, आणि इंजिन आधीपेक्षा लवकर मरतं. दुसरी टोपी सोडली, तिच्यातही पट्टी. तिसरीतही.

मी पट्टी पुसली. तिच्यावर निळं फूल छापलेलं होतं, अर्धंच. आमच्या भिंतीवरच्या फळीवर निळ्या फुलांचा बिस्किटांचा एक डबा होता, त्यात आम्ही वायसर ठेवायचो. सासुरवाडीहून आलो तेव्हा वायसर प्लॅस्टिकच्या बरणीत होते, आणि दादा म्हणाला होता, डबा गंजला, टाकून दिला. आणि पट्टीचे चारही कोपरे कानशीनं गोल केलेले. पत्रा कापला की कोपरे मारायचे, कुणाचा हात कापायला नको, ही आमच्या वडिलांची शिस्त. दादानं ती इथंसुद्धा पाळली होती. इतकं नीटनेटकं पाप मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.  मी गाडीखालून बाहेर आलो, नळावर जाऊन चूळ भरली, पण तोंडातली ती कडवट चव काही जाईना.

भाची फोनवर त्या आजींच्या सुनेशी बोलत फाटकाबाहेर गेली होती. तेवढ्यात दादा आला. आपली गाडी त्यानं सावलीत लावली, काचेत बघून केस नीट केले, आणि आत येऊन जॅकवर चढवलेली गाडी बघितल्यावर थबकला.

"उघडलीस कशाला?" तो म्हणाला. "सेन्सर बदललाय मी."

मी पट्ट्या त्याच्या पुढ्यात बाकावर ठेवल्या. तो त्यांच्याकडे बघत राहिला. नाही म्हणाला नाही, एवढं खरं.

"माझे पैसे अडकले होते त्या गाडीत," तो हळू आवाजात म्हणाला. "कोणी घेईना. हिला तर गाडी हवीच होती."

"म्हणून घरच्याच पोरीला दिलीस?"

"अरे, बाहेरच्याला दिली असती तर आठवड्यात परत आणून डोक्यावर आपटली असती. चार लोकांत तोंड काळं झालं असतं. घरचं माणूस समजून घेतं. मी नंतर बघणारच होतो काहीतरी."

मला वाटलं होतं, त्याला लाज वाटेल, तो काहीतरी थाप मारेल, मी ओरडेन आणि मोकळा होईन. पण तो हिशोब सांगावा तसं सांगत होता. परका भांडतो, म्हणून परक्याला चांगली. आपली पोर भांडत नाही, म्हणून आपल्या पोरीला ही.  याच्याच ताटात मी लहानपणी जेवलो होतो, आणि आता त्याच्या बाजूला उभं राहवेना.

"ठीक आहे," मी म्हटलं. "पट्ट्या परत घालतो. पेस्ट लावतो, तुझ्यासारखीच. जाड ऑइल भरतो. काटा संध्याकाळपर्यंत वर राहील. तू ही घे आणि तुझी गाडी भाचीला दे. तुझ्या गाडीला काही झालेलं नाही."

"काहीतरीच काय बोलतोस."

"का? हिच्यात फक्त सेन्सरच गेला होता ना? थांबलास की जरा रेस देत राहा."

"वेड लागलंय का तुला?" दादाचा आवाज चढला. "माझ्या पोरीला रोज शाळेत सोडायला नेतो मी. माझी पोर बसेल रे या गाडीत."

बोलून झाल्यावर त्यानं माझ्या खांद्यावरून मागे बघितलं आणि त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. फाटकात भाची उभी होती. फोन अजून कानाशीच होता. तिनं तो खाली घेतला, बंद केला आणि पिशवीत ठेवला.

ती रडेल असं मला वाटलं. ती आत आली, बाकावरच्या पट्ट्या बघितल्या, त्यांतली एक उचलली आणि पुन्हा ठेवली.   मग तिनं दादापुढे हात केला.

"मोठे मामा, किल्ली द्या."

दादा माझ्याकडे बघायला लागला, मी काहीतरी बोलावं म्हणून. मी फडक्यानं हात पुसत राहिलो.

"बेटा, तुझा गैरसमज होतोय," तो म्हणाला. "मी तुला नवं इंजिन..."

"आजींच्या जखमेला उशीर होतोय," ती म्हणाली. हात तसाच पुढे होता. शेवटी त्यानं खिशातून किल्ली काढून त्यावर ठेवली.

तिनं त्याच्या गाडीचं मागचं दार उघडलं. त्याच्या मुलीचा स्वेटर, पाण्याची बाटली आणि खडूंची पेटी, एकेक उचलून तिनं आमच्या बाकावर आणून ठेवली. स्वेटरची घडी घातली, बाह्या आत दुमडून. मग गाडी सुरू केली. गाडी जागेवर शांत चालत होती, कुठं ठोका नाही, कुठं दिवा नाही. ती रस्त्याला लागेपर्यंत आम्ही दोघंही तो आवाज ऐकत उभे होतो.

"शाळा सुटायची वेळ झाली," दादा घड्याळात बघत म्हणाला. "पोरीला आणायला आता जाऊ कशानं?"

मी गाडीखाली झोपायची फळी पायानं त्याच्याकडे सरकवली आणि जॅकवरच्या गाडीच्या उघड्या इंजिनाकडे बोट दाखवलं.

"ती आहे की," मी म्हटलं. "घाल पट्ट्या आणि जा."