डोळे मिटवणारा उक्कुबंडा

धरणाचं पाणी विहाराच्या तिसऱ्या पायरीला लागलं, त्या सकाळी तिकिरीबंडा आणि उक्कुबंडा मूर्तीसमोरच भांडत होते. तिकिरीबंडा आमचा पुढारी. उक्कुबंडा चितारी, या मूर्तीचे डोळे त्याच्याच बापानं रंगवलेले. मूर्ती विटाचुन्याची, भिंतीतच बांधलेली. हलवायची सोय नव्हती.

"उघड्या डोळ्यांनी बुद्धाला बुडवायचं व्हय?" तिकिरीबंडा म्हणाला. "चितारी तू. तूच मिटव."

"बानं दिल्याले डोळे म्या खरवडू? हात न्हाई चालायचा माजा."

"मंग कुनाचा चालंल? आमी समदे हाओत की तुज्या मागं."

चाळीस घरांनी हात जोडले, मीही जोडले. शेवटी तो शिडीवर चढला. आम्ही पाठी फिरवल्या. चुना खरवडल्याचा आवाज तेवढा येत होता. उतरला तेव्हा त्याच्या दाढीत काळ्या रंगाचे कपचे अडकले होते.

आम्हा डोंगरातल्या माणसांना सरकारनं सपाटीवर नेऊन टाकलं. तव्यासारखी जमीन, विहिरीला खारं पाणी. पहिल्याच साली भात करपलं, तापानं तीन लेकरं गेली. बुद्धाचे डोळे काढणारा वस्तीत असल्यावर दुसरं काय होणार, असं लोक बोलू लागले. त्याची लेक रनमेनिके विहिरीवर आली की बाया घागरी उचलून बाजूला व्हायच्या. माझी बायकोही. मी तिला कधी अडवलं नाही.

सहा वर्षांनी नवा विहार झाला. नव्या मूर्तीचे डोळे रंगवायला लांबून चितारी आणला. रीत अशी, की रंगवून झाल्यावर चितारीच्या डोळ्यांना पट्टी बांधून त्याला बाहेर आणायचं; पट्टी सुटल्यावर पहिली नजर ज्याच्यावर पडेल त्याचं वाटोळं. म्हणून समोर बैल उभा करतात.

तिकिरीबंडा उक्कुबंडाच्या दारात गेला. मी सोबत होतो.

"बैल कशापायी वाया घालवायचा? तू हुबा ऱ्हा. तुजं काय व्हायचं ऱ्हायलंय आता? रनमेनिकेला माज्या भाच्याला करून घेतो."

"शबूद मोडनार न्हाईस?"

"बुद्धाच्या दारात मोडंन व्हय?"

"आप्पा, जाऊ नगा," रनमेनिके आतून म्हणाली. "मला लगीन नगं."

"गप बस. चार बायकांत बसाया मिळंल तुला."

तो पांढरं धुवट नेसून उभा राहिला. पट्टी सुटली, चितारीनं त्याच्याकडं बघितलं. ढोल वाजले. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

आठव्या दिवशी तिकिरीबंडाच्या बहिणीचा निरोप आला. ज्याच्यावर नजर पडली त्याच्या घरची पोर नको. "तिचंबी बरूबरच हाय," तिकिरीबंडा मला म्हणाला. "तूच सांग त्याला जाऊन."

उक्कुबंडा चिखलात रोपं लावत होता. मी सांगितलं. त्यानं हातातलं रोप चिखलात खोचलं.

"पाटाचं पानी कवा बंद करनार हायती?" त्यानं विचारलं.

"परवा."

"मंग आज उरकाया पायजे."

बांधावर उभ्या रनमेनिकेनं सगळं ऐकलं होतं. तिनं लुगडं खोचलं, रोपांची पेंडी उचलली आणि ती बापाशेजारी चिखलात उतरली.