दहा वाजताची टकटक

आमच्या घरात आतल्या बाजूला कधी दार नव्हतं. खोल्या दोन, दोन्हींना पडदे. ओटन गावाच्या किनाऱ्यावर आमच्या गल्लीत सगळ्यांकडेच तसं. येणारा माणूस फाटकाशी उभा राहून "घरात कोण आहे?" असं ओरडतो आणि उत्तर मिळायच्या आत चुलीपाशी येऊन बसतो. मी चाळीस वर्षं सुतारकाम केलं, लोकांना किती दारं करून दिली ते मोजलं नाही. स्वतःच्या घरात पहिलं दार बसवलं ते अडुसष्टाव्या वर्षी, जर्लिनसाठी.

जर्लिन माझी धाकटी. थोरली दिविना हाँगकाँगला परक्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालते. मधला नेस्टर जहाजावर. जर्लिनचेही तैवानच्या कारखान्याचे कागद तयार होत आले होते, फक्त सही राहिली होती. तेवढ्यात तिला घरबसल्या काम मिळालं. ऑस्ट्रेलियात कोणी एक माणूस होता, तो लोकांच्या घरी नळ दुरुस्त करायला माणसं पाठवायचा. तिथल्या बायकांनी फोन केला की तो आमच्या घरात वाजायचा आणि जर्लिन त्यांना वेळ ठरवून द्यायची. पहाटे सहा ते दुपारी दोन. पहिला महिना परीक्षेचा. अट एकच, फोनमध्ये घरातला आवाज यायचा नाही. तीनदा तक्रार आली की काम गेलं.

"नाही जमलं तर सही करते," जर्लिन म्हणाली.

हेन्या, माझी बायको, त्या वेळी मासे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "मेल्चोर, तिला काय लागेल ते करून दे. दोन गेली. ही राहू दे."

जागा हेन्यानेच काढून दिली. स्वयंपाकघराला लागून तिचं दुकान होतं. दुकान म्हणजे गल्लीकडे जाळीची खिडकी आणि आत तीन फळ्या. साबण, व्हिनेगर, सुटी सिगरेट. तिथे स्टुलावर बसून तिने वीस वर्षं गल्लीशी गप्पा मारल्या.

"नानय, तुझं दुकान जाईल," जर्लिन आईला म्हणाली.

"काय होतं दुकानात? शाम्पूच्या चार पुड्या नि सालुदच्या चहाड्या."

सालुद शेजारीण. ती तेव्हा जाळीबाहेरच उभी होती. "शाम्पू जुना असेल," ती म्हणाली, "चहाड्या रोज ताज्या असायच्या."

मी खोली बांधली. घर बांधतानाही लावलं नसेल इतकं मन लावून बांधली. प्लायवूडच्या दोन भिंती, मध्ये चार बोटं जागा, त्यात नारळाचा काथ्या आणि भाताचं तूस ठासून. आतून अंड्यांचे पुठ्ठे. जाळीची खिडकी बुजवली, इंटरनेटच्या तारेपुरतं भोक ठेवलं. जर्लिनला स्टुलावर बसवून तिच्या कोपराची उंची घेतली आणि टेबल तेवढंच केलं. दिवा डाव्या हाताला. तिच्या पाठीमागची भिंत फिकट निळी रंगवली, कारण कॅमेऱ्यात तेवढीच दिसणार होती. महोगनीची खुर्चीही केली. त्या खुर्चीवर ती दोन दिवस बसली, तिसऱ्या दिवशी चाकांची खुर्ची आणली. माझी खुर्ची कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी ठेवली. पुढे कोंबडेही गेले, आरवतात म्हणून भावाकडे पोचवले. खुर्ची राहिली.

दार मात्र मनासारखं झालं. जाड, भरीव, चारी कडांना मोटारसायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. खोली इतकी लहान की दार आत उघडलं असतं तर टेबलाला लागलं असतं. म्हणून ते बाहेर, स्वयंपाकघरात उघडेल असं बसवलं. दारावर जर्लिनने कागद चिकटवला. 'काम चालू आहे. दार वाजवू नये.' मला अक्षर पन्नाशीनंतर आलं, हेन्याने प्लायवूडच्या तुकड्यावर शिकवलं. लिहिलेलं काही असलं की मी थांबून वाचतो. तो कागद मी रोज वाचायचो आणि रोज दार वाजवायचो.

त्याचं असं. सुतार दहाला आणि तीनला हातातलं काम खाली ठेवतो. त्या वेळेला कामाच्या माणसाला खायला देत नाही असं घर आमच्याकडे कोणी चांगलं म्हणत नाही. मी ज्यांच्या घरी कामं केली ती माणसं गरीब असोत, चिडकी असोत, दहा वाजता बशी यायचीच. आता माझ्याच घरात कोणी काम करत होतं. दहा वाजले की मी उकडलेली केळी आणि आल्याचा चहा घेऊन दारापाशी जायचो. टक टक टक. तीनदा.

पहिल्या दिवशी तिने दार उघडलं. "तातय, कागद वाचला ना?"

"वाचला. केळी गरम आहेत."

"दर दहा मिनिटांनी माझ्या स्क्रीनचा फोटो जातो त्याला. हात थांबला की त्याला कळतं."

"मग कळू दे की तू दहाला खातेस."

"तो म्हणेल, कामाच्या वेळेत खातेस."

"म्हणू दे. खाल्ल्याशिवाय काम करणारा सुतार मी अजून पाहिला नाही."

"मी सुतार नाहीये तातय." ती हसली, पण दाराला हात लावून उभी राहिली. "हे बघा, आधीच सांगते. उद्यापासून कितीही वाजवा, मी उठणार नाही. मग रागावू नका."

"नको उठू. मी वाजवीन, तू उठू नकोस."

आणि तसंच झालं. मी वाजवायचो, ती उठायची नाही. बशी दाराशी ठेवून मी निघून जायचो. दोनला ती बाहेर यायची तोवर केळ्यांवर मुंग्या असायच्या. हेन्या म्हणायची, "कशाला वाजवतोस? तिला त्रास." मी म्हणायचो, "तिला कळायला नको का, दहा वाजले म्हणून?" मला त्यात गंमत वाटायला लागली होती, खरं सांगतो. म्हातारपणी माणसाला एखादा हट्ट लागतो तसं.

घर हळूहळू गप्प झालं. हेन्याने रेडिओवरची मालिका सोडली. भांडी ती ओल्या फडक्यावर ठेवायची. सालुद आली की हेन्या ओठांवर बोट ठेवायची. एकदा सालुद म्हणाली, "तुमच्याकडे यायचं म्हणजे चर्चमध्ये आल्यासारखं वाटतं, फरक इतकाच की तिथे बसायला बाक असतो." मग ती यायची थांबली. हेन्याला रक्तदाब होता. गोळ्या ती दुकानाच्या फळीवर ठेवायची, गिऱ्हाईक आलं की आठवायची. फळी गेल्यावर गोळ्या कुठे गेल्या ते मी विचारलं नाही.

सव्विसाव्या दिवसापर्यंत एकही तक्रार नव्हती. माझ्या करवतीचा आवाज नको म्हणून मी घरातलं कामही बंद केलं होतं. त्या दिवशी सालुदच्या छपराचे वासे बदलत होतो. दहा वाजले तेव्हा सालुदने बशी दिली आणि मी तिथेच खाल्लं. घरी दारावर टकटक करायची राहिली, हे मनात आलं. म्हटलं, एक दिवस पोरीला सुट्टी.

अकरा वाजता फोन आला. जर्लिन. "तातय, पाणी प्यायला उठले तर दार उघडत नाहीये. बाहेरून काहीतरी अडलंय." मग थोडं थांबून, "नानय ओ देत नाही."

मी पोचलो तेव्हा हेन्या दाराला टेकून पडली होती. चुलीपासून दारापर्यंत जमिनीवर सांडलेल्या पाण्यात तिच्या अंगाचा माग होता, म्हणजे ती सरपटत आली होती. उजवी बाजू गेली होती. आत जर्लिन ओरडत होती, दारावर हात आपटत होती. तिचा आवाज मला दारापाशी आल्यावर ऐकू आला, तोही लांबच्या घरातून यावा तसा.

शहरातल्या डॉक्टरने विचारलं, "किती वेळ झाला होता?" आम्ही सांगितलं, माहीत नाही. तो म्हणाला, लवकर आणलं असतं तर वाचा तरी राहिली असती. त्याने ते रागाने सांगितलं नाही. हेन्याच्या डाव्या हाताची बोटं सोललेली होती, मधल्या तिन्ही बोटांच्या गाठी. त्यावर त्याने औषध लावलं आणि कशाने झालं ते विचारलं नाही.

मी विचारलं. घरी आल्यावर चार दिवसांनी, जर्लिनला. त्याआधी मी सालुदला बाहेर उभं करून दार वाजवायला लावलं होतं आणि आत बसून ऐकलं होतं. हाक येत नव्हती, पण टकटक येत होती. लाकडावरचा आवाज लाकडातून येणारच. मला ते बांधतानाही माहीत होतं.

"तुला ऐकू आलं होतं का?"

जर्लिन हेन्याला भरवत होती. चमचा तसाच धरून म्हणाली, "आलं होतं."

मी पेजेची वाटी तिच्याजवळ सरकवली.

"दहा वाजून गेले होते तातय. टक टक टक. मग थोडं थांबून परत. मला वाटलं, तुम्ही. मनात म्हटलंसुद्धा, आज म्हातारा ऐकत नाही. फोनवर एक बाई रडत होती, तिच्या स्वयंपाकघरात पाणी भरलं होतं. मी आवाज वाढवला आणि तिला सांगत राहिले, घाबरू नका, माणूस येतोय." तिने हेन्याच्या हनुवटीवरची पेज पुसली. "किती वेळ वाजत होतं ते विचारू नका. मला माहीत आहे."

महिना भरला. ऑस्ट्रेलियाच्या माणसाने लिहिलं की इतकं शांत घर त्याने कुणाचं पाहिलं नाही, आणि तिला कायम केलं. जर्लिनने ते मला वाचून दाखवलं नाही. स्क्रीन तशीच उघडी होती, मी थांबून वाचलं. तैवानचे कागद तिने कपाटात खाली टाकले.

एकदा मी पेचकस घेऊन दारापाशी गेलो होतो. वरचा एक स्क्रू काढलाही. हेन्या खाटेवरून बघत होती, डाव्या हाताने नको नको करत होती. तिची औषधं, तिला फिरवायला येणारी बाई, सगळं त्या दारामागून येतं. मी स्क्रू परत बसवला. कागद अजून तिथेच आहे.

रविवारी दिविनाचा फोन येतो. हेन्याला बोलता येत नाही, पण फोन कानाशी धरला की डोळे भरून येतात. परवा दिविना म्हणाली, "तातय, तुमचं नशीब चांगलं. निदान एक मुलगी घरात आहे."

"आहे," मी म्हणालो. "आत आहे."

जर्लिन आता रविवारीही काम घेते. मी खुराड्याशेजारची खुर्ची हेन्याच्या खाटेपाशी आणून ठेवली आहे. दहा वाजले की केळी उकडतो, अर्धं केळं कुस्करून हेन्याला देतो, बाकीची त्या खुर्चीवर बसून मीच खातो. दार वाजवत नाही. ती दोनला बाहेर येते आणि कधी कधी विचारते, आज वाजवलं होतं का. मी नाही म्हणतो. मग ती हात धुऊन आईच्या गोळ्या काढायला लागते.