पाव गोळी

रेवाचा स्वभाव संशयी, हे तिची सख्खी आईसुद्धा कबूल करील. पण तिच्या नोकरीत पगार संशयाचाच मिळतो, त्याला कोण काय करणार? पनवेलच्या त्या वृद्धनिवासात ती क्लिनिकल फार्मासिस्ट होती. डॉक्टरांनी लिहिलेली औषधं एकमेकांशी भांडत नाहीत ना, विसराळू म्हाताऱ्यांच्या पोटात नको तेवढं जात नाही ना, हे बघायला ती आठवड्यातून दोनदा यायची. बाकीचे दिवस खारघरच्या हॉस्पिटलात.

सध्या तिचा सगळा संशय एकाच बाईवर होता. किशोरीवर.

झालं असं, की गव्हाणच्या जनीआजी संध्याकाळ झाली की "होडी आली, मना जाव दे" म्हणत दार बडवायच्या. स्मृतिभ्रंश, दुसरं काय! डॉक्टरांनी शांत करणारी गोळी सुरू केली, अगदी थोडी. रेवाने खारघरहून फोन करून आजींचं सगळं बघणाऱ्या किशोरीला बजावलं, "जेवणाआधी पाव गोळी द्यायची." आणि दहा दिवसांत आजी भरदुपारी पेंगायला लागल्या. जीभ जड झाली. परवा तर न्हाणीघरात आपटल्या, कपाळाला चार टाके पडले. पुन्हा पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं, तर या वयात संपलंच की सगळं!

रेवाने आजींच्या गोळ्यांचं पाकीट काढलं. दहा गोळ्या चाळीस दिवस पुरायला हव्यात, आणि आत एकच उरलेली! वही उघडली तर किशोरीच्या गोल अक्षरात रोजची नोंद: पाव गोळी दिली. पाव गोळी दिली. एक दिवस खाडा नाही.

पाणी कुठेतरी मुरत होतं. आजी झोपली की हिला आराम, म्हणून अख्खी कोंबते आणि वर खोटं लिहिते, दुसरं काय! शिवाय वॉचमन सांगत होता, रोज सहाला ही बया गेटबाहेर जाते आणि ओढणीखाली काहीतरी लपवून आणते. रेवाने विचारलं, तर "काय नाय मॅडम" म्हणून हसली. त्या हसण्याने तर रेवाची खात्रीच पटली.

ती तडक मॅनेजर कृष्णकांतांकडे गेली. "हिला काढा. मी लेखी देते."

"पत्र तयार ठेवतो," ते म्हणाले. "पण आधी रंगेहाथ पकडा."

संध्याकाळी सातला रेवा आजींच्या खोलीच्या दाराआड उभी राहिली. किशोरीने ओढणीखालून कागदाची पुडी काढली. आत पाव होता, साधा बेकरीतला. तो तिने चहात बुडवला, मऊ केला, मधोमध अख्खी गोळी दाबली.

"खा गो आये," ती आजींना म्हणाली. आजींनी तोंड फिरवलं. "मना भाकर दे."

"थांबा!" रेवा आत घुसली. "अख्खी गोळी? वहीत पाव लिहिता आणि अख्खी देता?"

किशोरी गोंधळली. "पावातच देते ना. तुमीच बोललात, पाव-गोली द्यायची. आजीला पाव आवडत नाय, थुकते, तरी भरवते. भायेरचं आनायला बंदी हाय, म्हनून लपवून आनते."

रेवाला आपला तो फोन आठवला. चतुर्थांश म्हणाली असती, तुकडा म्हणाली असती, निदान गोळी कापून दाखवली असती! फोन ठेवला, आणि नंतर दोन फेऱ्या होऊनही तिने डोस कागदावर लिहून दिला नव्हता. आजींचे टाके रेवाच्या शब्दाचे होते.

एवढ्यात कृष्णकांत हातात पत्र घेऊन आले. "सापडली ना? आत्ताच घरी पाठवतो हिला."

नुसती मान हलवली असती, तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. रेवाला तो मोह झाला, खोटं कशाला बोला.

"चूक माझी आहे, सर," ती म्हणाली. "पाव म्हणजे चौथा हिस्सा, हे मी यांना सांगितलंच नाही. पत्र फाडा. डॉक्टरांना मी आत्ता फोन करते."

"मना घरी पाठवायचं?" किशोरीने पत्राकडे पाहिलं, मग रेवाकडे. हातातला पाव तिने हळूच बशीत ठेवला. "म्हंजी इतके दिस तुमाला वाटत व्हतं, मी आजीला मुद्दाम..."

रेवाने बशीतल्या पावातली गोळी काढून हातात घेतली.

"टाके घातले तवा आजीचं डोकं माज्या मांडीवर व्हतं," किशोरी म्हणाली. "एकदा इचारायचं तरी, मॅडम."