तिसऱ्या अंकातली घडी

वहिनींनी आपली खुर्ची उचलली आणि पहिल्या रांगेतून पुन्हा विंगेजवळ आणून ठेवली. ही दुसरी खेप.

"वहिनी, तुमची जागा समोर आहे," प्रॉम्प्टर म्हणाले. चाळीस वर्षं विंगेत उभं राहून नटांना वाक्यं पुरवता पुरवता त्यांचा आवाज असा बसला होता, की ते घरीदारीही कुजबुजतच बोलत. कंपनीत त्यांना सगळे 'कुजबुज' म्हणत.

"मला इथून छान ऐकू येतं."

"ऐकायला नाही, बघायला बोलावलंय तुम्हाला," असं म्हणून कुजबुजांनी खुर्ची उचलली आणि चालू लागले. वहिनींना मागोमाग जावंच लागलं.

वहिनींच्या यजमानांना, म्हणजे मालकांना, जाऊन वर्ष झालं होतं. ही फिरती नाटक कंपनी त्यांनी शून्यातून उभी केली होती. आज दुपारी त्यांच्या आठवणीत त्यांचंच सगळ्यात गाजलेलं नाटक होणार होतं. त्यातला म्हातारा बाप मालकांनी जन्मभर केला. आज तो त्यांनी तयार केलेला तरुण नट करणार होता. वहिनी यायलाच तयार नव्हत्या. सून म्हणाली, "आई, लोक काय म्हणतील?" तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "लोकांनी नाटकाबद्दल म्हणावं. माझ्याबद्दल कशाला?" शेवटी कुजबुज गाडी घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा त्या निघाल्या.

खरी गोष्ट अशी, की हे नाटक त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. तंबूच्या मागे तीस माणसांचा स्वयंपाक त्यांच्याकडे असे. पडदा पडला की ताटं तयार हवीत. कापडाच्या भिंतीपलीकडून सगळं नाटक ऐकू येई, आणि कुठल्या वाक्याला आमटी उतरवायची हे त्यांना पाठ झालं होतं. पण हे नाटक नवं होतं तेव्हा त्यांनी एकदा विचारलं होतं, "मी समोर बसून बघू का?"

मालक रंग लावत होते. आरशातून नजर न काढता म्हणाले, "या नाटकाला नको. तू समोर असलीस तर मला जमायचं नाही."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. विसरल्याही नाहीत.

आधी भाषणं झाली. पाहुण्यांनी मालकांना इतक्या वेळा 'वटवृक्ष' म्हटलं, की मागच्या रांगेत कोणीतरी खोकलं. एक गृहस्थ म्हणाले, सोळा माणसं आणि एक ट्रक घेऊन मालक निघाले. माणसं नऊ होती, आणि ट्रक दुसऱ्याचा. पहिला पडदा वहिनींनी घरातल्या चादरी जोडून शिवला होता. त्याच्या मधोमध इस्त्रीचा डाग होता, आणि मालक तो डाग झाकायला नेमके तिथेच उभे राहायचे. लोकांना वाटे, काय ऐटीत उभा राहतो! वहिनी स्वतःशीच हसल्या.

मग नाटक सुरू झालं. दोन अंक त्यांनी मान खाली घालूनच ऐकले. जुनी सवय.

तिसऱ्या अंकात, परागंदा झालेला मुलगा आता येणार नाही हे बापाला कळतं. निरोप्या निघून जातो आणि सगळं गप्प होतं. ही शांतता वहिनींच्या ओळखीची होती. तंबूमागे रोज त्यांच्या हातातला डाव थांबायचा. एवढा वेळ का लागतोय, वाक्य विसरले की काय, असं वाटायचं. आज त्यांनी मान वर केली.

रंगमंचावरच्या म्हाताऱ्याने पेटीतून मुलाचा लहानपणचा सदरा काढला. हलकेच झटकला. गळ्याशी नाक नेलं. मग मांडीवर पसरून आधी डावी बाही आत घेतली, मग उजवी, झोपलेल्या मुलाचे हात छातीवर ठेवावेत तशी. तळव्याने घडी दाबली. क्षणभर थांबला. घडी उघडली आणि पुन्हा पहिल्यापासून घातली.

वहिनींनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

त्यांचा थोरला चार वर्षांचा होऊन तापाने गेला, तेव्हा मुक्काम एका गिरणीच्या गावात होता. तिसऱ्या दिवशी मालक प्रयोगाला निघाले. वहिनी जमिनीवर बसून त्या पोराच्या सदऱ्याची घडी घालत होत्या, उघडत होत्या, पुन्हा घालत होत्या. उंबऱ्याशी मालक वहाणा चढवत होते. उशीर होतोय म्हणून ते घाईत आहेत, आपल्याकडे बघतही नाहीत, एवढंच त्यांना तेव्हा दिसलं होतं. त्या विषयावर दोघं पुढे कधी बोलले नाहीत. दुसरा मुलगा झाला, संसार झाला, पण ते बोलणं राहिलं ते राहिलंच.

टाळ्या थांबेनात. पडदा पडल्यावर तो नट रंग न पुसताच खाली आला आणि त्यांच्यासमोर उभा राहिला.

"वहिनी, जमलं का? मालकांनी तो सदऱ्याचा प्रवेश सहा महिने घोटून घेतला होता माझ्याकडून. म्हणायचे, बाकी नाटकात काय वाटेल ते कर, इथे बोटभरही बदल नको. कुठून आणलंत हे, असं मी विचारलं, तर कधी सांगितलं नाही."

वहिनी त्याच्या हातांकडे बघत होत्या.

"तीनदा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"घडी तीनदा घालायची."

तो गोंधळला. "नाही हो, वहिनी. मालक दोनदाच घालायचे. मी शंभर वेळा तरी पाहिलंय."

"दोनदा?"

"दोनदाच. आणि मग दाराकडे बघायचे."

वहिनींनी पडलेल्या पडद्याकडे पाहिलं. कुजबुज जवळ येऊन उभे राहिले होते. पुढचं वाक्य त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या वेळेला ते निघून गेले होते."

वहिनींनी पदराने नटाच्या हनुवटीवर ओघळलेला रंग पुसला.

"दोनदाच राहू दे," त्या म्हणाल्या.