सहाव्या दिवसाच्या अकरा मधमाश्या

पेन्सिलीच्या मागचं खोडरबर अजून कोरंच होतं — दहा दिवस कमरेच्या पट्ट्यात घामाने भिजूनही गुलाबी. त्याने ते अंगठ्याने चाचपलं आणि कार्ड बाहेर काढलं. सकाळी धावणाऱ्या प्रत्येकाकडे असं कार्ड होतं: वाटेत ठरलेल्या जागी थांबायचं, दहा मिनिटांत फुलांवर आलेल्या मधमाश्या मोजायच्या, आकडा लिहायचा. सलग दहा दिवस भरले तर कालव्याकाठचा हा रानफुलांचा उतार कापायचा नाही, असं उद्यान विभागाने कबूल केलं होतं. एक ओळ जरी कोरी राहिली तर सोमवारी गवत कापायचं यंत्र फिरणार. आज दहावा दिवस.

कार्डं जमा व्हायची उद्यान विभागात, ताईच्या टेबलावर. ताई आजपासून पुन्हा कामावर. ती प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचते... सहाव्या ओळीवर बोट थांबेल. तारीख बाबा गेले ती. वेळ सहा चाळीस. मधमाश्या अकरा.

रात्रभर जागलेली ताई जरा आडवी होताना म्हणाली होती, "बाबांपाशी बस हं." तो बसला — पाच मिनिटं, फार तर सात — मग बूट हातात घेऊन बाहेर पडला. परतला तेव्हा ताई दारात उभी. बाबा एकटेच गेले होते.

"होतास कुठे तू?"

"औषध आणायला."

चार दिवस ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतेय, "बिचारा औषधासाठी वणवण फिरत होता हो."

त्याने खोडरबर अकराच्या आकड्यावर टेकवलं. उताराचं काय, जगात उतार थोडे आहेत? पण ताकाला जाऊन भांडं लपवायचं तरी किती? जांभळ्या फुलावर एक माशी उतरली, देठ वाकला, दुसरी आली... एक, दोन — त्या दिवशीही असंच होतं. ऊन कोवळं, बाबांच्या घरघरणाऱ्या श्वासाचा आवाज नाही, औषधांचा वास नाही. त्या दहा मिनिटांत त्याला बाबांची आठवणही झाली नव्हती. तो सुखात होता. महिन्याभरात पहिल्यांदा, अगदी सुखात.

चौदा, त्याने दहाव्या ओळीत लिहिलं. कार्ड वाचून ताईला खोटं कळणारच होतं. पण हे सुख कार्डावर कुठेच नव्हतं. ते आपल्याच तोंडाने सांगावं लागेल, असं त्याला वाटलं — आणि दहा मिनिटं संपली तरी तो तिथेच उभा राहिला.