वर्षाराणीची विहीर

वर्षाराणीला जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं, तोच तिच्या धाकट्या दिरानं, सरपंच हणमंतरावानं, हदगाव रस्त्याकडची कोरडी विहीर बुजवायचं ठरवलं. तिथं वहिनीचा पुतळा बसणार होता, अंतराळवीराच्या पोशाखातला. वर्षश्राद्धाला मंत्री येणार होते, म्हणून घाई.

तिच्या नवऱ्यानं, श्रीमंतनं, नाही म्हटलं होतं. पण बायको गेलेल्या माणसाचं लोक ऐकून घेतात, मनावर घेत नाहीत.

वर्षाराणी अंतराळात राहून आली तेव्हा तिला मोठमोठ्या शहरांतून बोलावणी होती. ती आली नांदेडच्या विष्णुपुरीला, इंजिनिअरिंगच्या पोरांना शिकवायला. सत्काराच्या शाली तिनं यंत्रं झाकायला वापरल्या. वजन नाहीसं होतं म्हणजे काय, ते फळ्यावर कळत नाही, असं ती म्हणायची. मग तिनं नवऱ्याकडून ही विहीर मागून घेतली. तळाला घरच्या कापसाचा ढीग घालायचा, बंद पेटीत पेटती मेणबत्ती आणि कॅमेरा ठेवायचा, आणि पेटी वरून सोडून द्यायची. पडता पडता पेटीतलं वजन जातं आणि लांबट ज्योत गोल होते. यानात आग लागली तर कशी विझवावी, यावरचं तिचं संशोधनही इथंच चाललं. ती गेल्यावर तिची विद्यार्थिनी आरती वर्ग घेत होती.

शुक्रवारी सकाळी जेसीबी आला, मागं मुरमाचा टिप्पर. श्रीमंत पायऱ्या उतरून तळाला गेला आणि कापसावर मांडी घालून बसला.

वर गर्दी झाली. कुणी म्हणालं, डोकं फिरलं. कुणी म्हणालं, बायको वर गेली, हा खाली चालला. श्रीमंतला हसू आलं. तिलाही आलं असतं.

हणमंतराव काठावरून वाकला. "दादा, वहिनीचंच नाव मोठं करून राहिलो ना मी."

"नाव मोठंच हाय तिचं. तू तिचा वर्ग बंद करून राहिला."

"पोरांना कॉलेजात जागा न्हाई का?"

"एवढी खोल न्हाई."

जेसीबीवाला आनंदराज म्हणाला, खाली माणूस असताना मी मुरूम लोटणार नाही. त्यानं इंजिन बंद केलं.

तेवढ्यात नांदेडहून पोरांना घेऊन आरती आली. खाली बघून तिनं विचारलं, काका, आज राहू द्यायचं का?

"स्वतःला ताप असताना तुझ्या मॅडमनं कधी सुट्टी दिली का? मी कडेला सरकतो. सोड पेटी."

पेटी आली, कापूस उडाला. श्रीमंतनं दोर बांधून ती वर धाडली. पोरांनी जेसीबीच्या बकेटवर लॅपटॉप ठेवून पेटीतलं चित्रण लावलं. आनंदराज बघायला वाकला, मग गर्दीही वाकली. ज्योत इतकी भरकन गोल होऊन गेली की कुणीतरी म्हणालं, परत लावा की.

हणमंतराव तिकडं फिरकला नाही. मंत्र्यांची तारीख बदलणार नाही, असं त्यानं वरूनच बजावलं. सोमवारी पोलीस घेऊन येतो म्हणाला.

"आण. मी हितंच हाय. पुतळा कुठंबी उभा राहील, त्याला काय शिकवायचं हाय?" श्रीमंतनं कापसाचा ढीग हातानं पुन्हा सारखा केला आणि भिंतीला पाठ लावली. "आरती, दुसरी पेटी सोड. पोरांना परत जायचं हाय."