बंदराच्या दिव्यांतला तेजोमेघ

मित्रांनो, मी एक जुना फिल्टर आहे; नाण्याहून जरा मोठी, चकचकीत काच. दुर्बीण आणि कॅमेऱ्याच्या मधे बसून मी आकाशातल्या हायड्रोजनचा लाल प्रकाश तेवढा आत सोडतो. बाकीचा उजेड कितीही धक्के मारो, मी त्याला परतवून लावतो.

माझी मालकीण एर्मेलिंदा आंतोफागास्ता या बंदराच्या शहरात शाळेची बस चालवायची. तिची आई ओतिलिया अर्धांगवायूने खुर्चीला खिळलेली. तिला एकटीला टाकून रात्री जाता येत नसे. आकाश-क्लबची मंडळी गाड्या भरून वाळवंटातल्या अंधारात जायची. एर्मेलिंदाने मात्र दुर्बीण घराच्या गच्चीवरच मांडली. समोर बंदराचे झगझगीत दिवे. क्लबचे प्रमुख डॉन एवारिस्तो म्हणायचे, तिथून फार तर क्रेनचे फोटो निघतील.

आम्ही दोघांनी ऐकलं नाही. कित्येक रात्रींचे फोटो एकावर एक रचून तिने करीना तेजोमेघ उभा केला. लाल ढग आणि त्यात काळ्या धुळीच्या घड्या. क्लबच्या प्रदर्शनात तो लागला, आणि त्याच दुपारी डॉन एवारिस्तोंनी सगळ्यांदेखत भिंतीवरून उतरवला.

"तुझ्यावर आरोप नाही गं, पोरी. पण गच्चीवरून हे निघतच नाही."

"म्हणजे मी चोर, हेच गोड करून सांगताय," एर्मेलिंदा म्हणाली. "शनिवारी घरी या. सगळ्यांना आणा. आईची खुर्ची वर चढवायला माणसं हवीतच."

ते आले. खुर्चीचा एक पाय खुद्द डॉन एवारिस्तोंनी धरला आणि जिन्यात चांगलीच धाप टाकली. एर्मेलिंदाने आधी मला न लावता फोटो घेतला. कॅमेऱ्याचा पडदा नुसता पांढुरका. कुणीतरी खुदकन हसलं. मग तिने मला बसवलं. कॅमेरा बराच वेळ प्रकाश साठवत राहिला. पडद्यावर काळोख उतरला आणि त्यातून तो लाल ढग वर आला. बंदराचा एकही दिवा विझला नव्हता.

आजारपणापासून ओतिलियाचे शब्द अडखळत. तिने सावकाश विचारलं, "हे... आपल्या घरावर होतं?"

"रोज असतं, आई."

डॉन एवारिस्तोंनी टोपी काढली. चित्र उद्या जागेवर लावतो, म्हणाले. एर्मेलिंदाने बजावलं की खाली ठळक लिहा: गच्चीवरून, दिवे चालू असताना.

पुढे समुद्राच्या खाऱ्या दमट हवेने माझी कड खाल्ली. नवे, महागडे फिल्टर आले आणि मी खणात पडलो. मला पाहून लोक विचारतात, हा अजून टाकला नाही?

का टाकावा? मित्रांनो, कड गेली आहे, मधली काच शाबूत आहे. माझी कीव करू नका. माझ्यावर बोटांचे ठसे उमटवू नका, मऊ फडक्याने पुसा, कोरड्या डबीत ठेवा. आणि आकाश मोकळं असेल त्या रात्री मला कामाला लावा.